पाण्याचा रंग पाहणारी माणसं



 

समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची बेसुमार वाढ झाली की आम्ही अभ्यासक तिला ‘बहर’ म्हणतो. हा शब्द मला कधीच पटला नाही. बहर म्हटलं की मोहोरलेला आंबा डोळ्यांपुढे येतो. नौकेचा तांडेल म्हणतो, ‘पाणी बिघडलंय,’ आणि जाळं दुसरीकडे टाकतो. त्याचा शब्द अधिक खरा आहे.

गेल्या काही वर्षांत थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात आणि ते पाहायला गर्दी लोटते. लोकांनी जरूर पाहावं, ते दृश्य सुंदरच आहे. पण चमकतं ते काय, हेही ठाऊक असावं. त्या जीवाचं नाव नॉक्टिल्युका. आकार फार तर दोन मिलिमीटर. हिवाळी वाऱ्यांनी उत्तर अरबी समुद्र ढवळला जातो, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि करंडक, म्हणजे डायाटम, वाढतात. त्या करंडकांवर तारली आणि बारीक प्राणिप्लवक जगतात, त्यांवर बांगडा, पुढे सुरमई. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे करंडकांची जागा हिरवी नॉक्टिल्युका घेताना दिसते. तिच्या पोटात हिरवी शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात. शिवाय नॉक्टिल्युका करंडकांनाही गिळते. तिला खाणारे मुख्यतः साल्प नावाचे तरंगते जीव आणि जेलीफिश. जाळं जेलीफिशनं भरलं की डिझेलचा खर्चही निघत नाही, हे मी तुम्हा मच्छीमारांना सांगायला नको.

मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोज या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये या बदलाचा संबंध प्राणवायू कमी असलेल्या पाण्याशी जोडला. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद आपल्याच समुद्राबद्दल चालू आहे, आणि त्यातलं मराठीत जवळजवळ काहीच आलेलं नाही, याचं मला दुःख आहे.

नॉक्टिल्युका स्वतः विष बनवत नाही. तिच्या पेशीत अमोनिया साठतो, आणि दाट थर कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो. मोकळ्या समुद्रातला मासा पळून जाईल. पिंजऱ्यातल्या माशानं, दगडाला चिकटलेल्या कालवानं जायचं कुठे?

खरी विषारी शैवालं वेगळी. त्यांतल्या काही जातींचं सॅक्सिटॉक्सिन शिंपल्यांत साठतं. शिंपल्याला काही होत नाही. तो खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो. या विषावर उतारा नाही, आणि ते शिजवूनही जात नाही. १९९७ च्या सप्टेंबरात केरळमधल्या विळिंजमला शिंपले खाऊन ७ जण दगावले, पाचशेवर माणसं रुग्णालयात गेली. आपल्याकडे ओहोटीला कमरेला टोपली लावून तिसऱ्या, कालवं, मुळे काढणाऱ्या बाया असतात. त्यातलं निम्मं विकतात, निम्मं घरात शिजतं. माझ्या गावच्या बाजारात अशा टोपलीतल्या मालाची विषासाठी तपासणी झालेली मी आजवर पाहिलेली नाही. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

कॅलिफोर्नियात २०१५ च्या नोव्हेंबरात खेकड्यांत डोमोइक आम्ल हे शैवालांचंच विष सापडलं, तेव्हा हंगामच पुढे ढकलला. तो २०१६ च्या मार्चपासून उघडू लागला. मच्छीमारांचं फार नुकसान झालं, हे खरं. पण बंदी तपासणीच्या आधारावर होती, आणि तपासणीच्याच आधारावर ती उठली. आपल्याकडे तपासणी नसते, मग बाजार अफवेवर चालतो. ज्या मासळीचा काही संबंध नाही तिचाही भाव पडतो.

उपग्रहावरून समुद्राचा रंग पाहून इन्कॉइस सूचना देते, त्याचं मला मोल आहे. पण पावसाळ्यात ढगांखालचं पाणी उपग्रहाला दिसत नाही, आणि खाडीच्या तोंडच्या गढूळ पाण्यात त्याची गफलत होते. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर मासे मरण्याबद्दल लिहिलं, ते नैऋत्य मोसमी पावसामागोमाग येणाऱ्या अशा बिघडलेल्या पाण्याबद्दलच. म्हणजे धोका असतो तेव्हाच वरचा डोळा झाकलेला असतो. तेव्हा पाणी पाहतं कोण? पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्या दिवशी समुद्रात जाणारा तांडेल, आणि ओहोटीला खडकावर वाकलेली बाई.

म्हणून शासनाकडे माझं मागणं स्पष्ट आहे. प्रत्येक किनारी जिल्ह्यात शिंपल्यांची विषतपासणी नियमित व्हावी, आणि इशारा मराठीत, बंदरावरच्या फळ्यावर लागावा. बंदी घालावी लागली तर तेवढ्या दिवसांची भरपाई शिंपले काढणाऱ्या बायांनाही मिळावी. नौका नावावर नाही म्हणून त्यांना वगळू नये.

आणि तुम्हा मच्छीमारांकडे एक विनंती. सभागृहाच्या दाराशी एक नोंदवही आणि बाटल्यांचं खोकं ठेवलं आहे. प्रत्येक मच्छीमार सोसायटीनं एक बाटली न्यावी. पाणी लाल, हिरवं, तेलकट दिसलं की ती भरा, आत आयोडीनचे थेंब टाका, जागा आणि वेळ लिहा. या वर्षी कुणी असं पाणी पाहिलं असेल, तर जेवायला जाण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून जा.