बागेतली वाट: फुटक्या काँक्रीटची खडी की शोभेचे गोटे?

घराची डागडुजी झाली की अंगणात फुटक्या काँक्रीटचा ढीग उरतो. पैसे मोजून तो उचलायला लावण्याआधी जरा थांबा. सळया, काचा वेचून हेच काँक्रीट फोडलं की उत्तम खडी होते. आयएस ३८३ या भारतीय मानकाने तर २०१६ मध्ये अशा खडीला बांधकामातही मर्यादित मुभा दिली. तिचे तुकडे कोनदार असतात. पाणी मारून धुम्मस केली की एकमेकांत घट्ट बसतात. पायवाट असो, गाडी उभी करायची जागा असो, खालच्या थराला हीच खडी घाला. गोल गोटे पायाखाली सरकतात. जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचे तुकडे मात्र तिच्यात चुकूनही नकोत, ते आरोग्याला घातक.

झाडांच्या आळ्यात ही खडी टाकू नका, हे मी आग्रहाने सांगेन. सिमेंटमधला चुना पावसाबरोबर मातीत उतरतो. देशावरची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी. त्यात ही भर पडली की झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंताच्या झाडावर हे लवकर दिसतं. पांढऱ्या संगमरवरी चिपाही चुनखडीच्याच, फक्त सावकाश विरघळणाऱ्या.

म्हणून आळ्यांभोवती आपल्या काळ्या बेसॉल्टची खडी पसरा. आणि नदीपात्रातून उपसलेले गोटे कितीही देखणे असले, तरी कृपा करून विकत घेऊ नका.