जनसुनावणीला लेखक कुठे होते?



सकाळपासून साहित्य संमेलनाच्या या मंडपात गिरणामाईवर कविता झाल्या. टाळ्याही पडल्या. कवींच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण गिरणेच्या पाण्यात काय मिसळतं, यावर एका ओळीनंही कुणी बोललं नाही. भडगावात बसून गिरणेवर बोलायचं आणि तिच्या वरच्या अंगाला मालेगाव आहे हे विसरायचं, हे मला जमणार नाही. केमच्या डोंगरातून निघालेली ही नदी कळवण-देवळा ओलांडून मालेगावशी येते. शहराचं सांडपाणी पोटात घेतलेली मोसम तिथं तिला मिळते आणि ते सगळं पाणी पुढं 1969 साली पूर्ण झालेल्या गिरणा धरणात जातं. त्याच धरणाचं आवर्तन सुटलं की आपले बंधारे भरतात, आपले नळ चालतात. प्रश्न नुसत्या पाण्याचा नाही, धुराचाही आहे. सुताला खळ लावणाऱ्या मालेगावच्या सायझिंगच्या भट्ट्यांत प्लास्टिकचा कचरा जळतो, ही तक्रार तिथले लोकच वर्षानुवर्षं करत आले आहेत. तिथला विणकर माझा वैरी नाही. तो धूर आधी त्याच्या लेकरांच्या छातीत जातो. त्याच्याशी आपली सोयरीक आहे ती एका पाण्याची, आणि या लढ्यात तो आपल्या बाजूला हवा आहे.

मला सांगायचं आहे ते थोडकं आहे. कारखान्याच्या धुराविरुद्ध, राखेविरुद्ध, स्फोटांविरुद्ध खान्देशात लोक लढत नाहीत असं नाही. लढतात. रस्त्यावर बसतात, डंपर अडवतात, गुन्हे अंगावर घेतात. पण लढा रस्त्यावर जिंकला तरी कागदावर हरतो. आणि कागद हा आपला, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा प्रांत आहे. त्या प्रांतात आपण पाऊल ठेवत नाही. माझा आजचा आरोप कंपन्यांवर नंतर आहे, तो आधी या मंडपातल्या लेखक, प्राध्यापक, शिक्षक, वाचनालयवाल्यांवर आहे.

एका प्रकल्पाच्या विस्तारीकरणाची जनसुनावणी मी पाहिली. कोणाची, ते सांगत नाही. मंडप असाच होता. पुढच्या खुर्च्यांवर एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पोरं आणून बसवली होती, आणि ज्यांची शेतं कुंपणाला लागून आहेत ते मागं, उन्हात, उभे. प्रकल्पाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता म्हणे, पण कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवक तालुक्याला. मंचावरून साहेब पीएम टेन, टीपीडी, ग्रीन बेल्ट असं काहीबाही बोलत होते. मागून एक आजीबाई म्हणाली, "साहेब, आम्हले समजी असं सांगा ना." कुणी ऐकलं नाही. मग एक म्हातारे शेतकरी पुढं आले. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी कपाशीची उमललेली बोंडं काढली आणि टेबलावर ठेवली. कापूस राखाडी पडला होता. बोटानं पुसला की बोटाला काजळी लागे. व्यापारी त्याचा भाव पाडतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "बाबा, लेखी द्या."

लेखी द्या! त्या बाबांना सही येत होती, अर्ज येत नव्हता. तेवढ्यात कॉलेजात मराठी घेऊन शिकणारी एक मुलगी उठली, बाबांजवळ जमिनीवर बसली आणि गुडघ्यावर वही ठेवून त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं: कोणता गट नंबर, बांध कुठल्या दिशेला, वारा कोणत्या महिन्यात तिकडून वाहतो, वेचणीच्या वेळी काय होतं. बघता बघता तिच्यापुढं रांग लागली. सुनावणी आटोपताना तिनंच विचारलं की इतिवृत्त वाचून दाखवणार का. साहेब चपापले. वाचावं लागलं. वाचल्यावर कळलं की कापसाचा उल्लेखच नव्हता. तो घालावा लागला.

ही त्या मुलीची मर्जी नव्हती, कायदा आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची, किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची, जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या वतीनं अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं अध्यक्षपद घ्यायचं, सगळ्याचं चित्रीकरण करायचं आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत समजावून वाचायचं, असं तिच्यात लिहिलं आहे. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट लिहिली आहे: सुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे आपण नाही गेलो तरी सुनावणी होते, आणि 'कोणाचाही आक्षेप आला नाही' असं लिहून फाईल पुढं सरकते. एकरंगी टोप्यांची सोय तेवढ्यासाठीच असते.

आता भुसावळकडे चला. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आपल्या जळगाव जिल्ह्याचं भूषण म्हणून शाळेच्या सहलीत दाखवतात. तिथं 500 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि नवा 660 चा उभा राहिला आहे. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला तर दिवसाला सुमारे सात हजार टन कोळसा खातो. आपल्या देशातल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. म्हणजे दोनच संचांची रोजची राख चार-पाच हजार टनांच्या घरात जाते. ती पाण्यात कालवून नळीवाटे वेल्हाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याकडे जाते किंवा डंपरमधून रस्त्यानं. ओली असते तोवर राख गप्प असते. उन्हाळ्यात बंधाऱ्याचा काठ सुकला की ती उठते आणि वाऱ्याच्या दिशेच्या गावात जाते, वाळवणावर, गोठ्यात, केळीच्या पानावर. राख पानावर बसली की पानाला ऊन मिळत नाही. हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

सरकारला हे माहीत नाही असं समजू नका. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना 1999 ची. 31 डिसेंबर 2021 च्या नव्या अधिसूचनेत तर वापराविना पडून राहिलेल्या राखेच्या दर टनाला 1000 रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली आहे. मी तुम्हाला विचारतो, आपल्या जिल्ह्यात असे किती रुपये आकारले गेले, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात कोणी विचारला? दहा रुपयांचा अर्ज आहे. 'राख' या विषयावर परिसंवाद घेतला असता तर आपण त्यात जीवनाची नश्वरता आणली असती. वेल्हाळ्याची राख आणली नसती.

आणि चिमणीचं काय? डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घातल्या. पाळायची मुदत 2017. मग 2022. मग पुन्हा पुढं. आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. दहा वर्षं मुदती वाढवत न्यायच्या आणि शेवटी अटच उचलायची! इतका मोठा निर्णय झाला आणि आपल्या साहित्यिक नियतकालिकांत त्यावर एकही टिपण माझ्या पाहण्यात आलं नाही.

"अध्यक्ष महाराज, हे सगळं साहित्याच्या मंचावर कशाला?" ही कुजबुज मला इथपर्यंत ऐकू येते. 1975 च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. आणि इतकं लांब तरी कशाला? आपल्या अमळनेरात साने गुरुजींनी 1938 साली 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं ते शेतकरी आणि कामगारांच्या बाजूनं लिहायला. कविहृदयाच्या माणसाला त्यात आपलं साहित्य बाटल्यासारखं वाटलं नाही.

एका छोट्या साप्ताहिकाची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. भोपाळमध्ये राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार होता. 'रपट' हे त्याचं साप्ताहिक. 1981 च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूनं एक कामगार मेला, तो केसवानींच्या ओळखीचा. त्यांनी खोदायला सुरुवात केली. रसायनशास्त्र ते शिकलेले नव्हते. कामगारांशी बोलले, कंपनीचाच अंतर्गत तपासणी अहवाल मिळवला, शब्द न् शब्द समजून घेतला, आणि 1982 साली लिहिलं की हा कारखाना या शहराला मारणार आहे. पुन्हा लिहिलं. मुख्यमंत्र्यांना पत्र घातलं. 1984 च्या जूनमध्ये 'जनसत्ता'त लिहिलं. कोणी हललं नाही. 2 डिसेंबरच्या रात्री टाकीतून वायू सुटला, वस्तीवर उतरला आणि हजारो माणसं मेली. आजही लोक म्हणतात, एकट्यानं लिहून काय होतं? मी म्हणतो, तो एकटा होता हाच गुन्हा होता, आणि तो गुन्हा त्याचा नव्हता. त्याच्या मागं भोपाळचे बाकीचे लिहिणारे उभे राहिले असते, तर सरकारला तो अहवाल गिळता आला नसता.

भोपाळ लांबचं वाटत असेल तर शिरपूर तालुक्यातलं वाघाडी आठवा. 31 ऑगस्ट 2019, सकाळची वेळ, रासायनिक कारखान्यात स्फोट. किमान बारा माणसं गेली, पन्नासाहून अधिक जखमी. आवाज कित्येक गावांत ऐकू गेला. 2024 च्या एप्रिलमध्ये जळगावच्या एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीला आग लागली, तिथंही कामगारच गेले. "कारखाने नकोत तर पोरांनी काय खायचं?" असं आम्हाला विचारणाऱ्यांनी आधी या मेलेल्यांची घरं बघून यावं. तीही कामाला गेलेली पोरंच होती. मी खान्देशात कारखाना नको म्हणत नाही. मला पोरांना काम हवं आहे, आणि संध्याकाळी ती धडधाकट घरी आलेली हवी आहेत. ही मागणी जर विकासाच्या आड येत असेल, तर त्या विकासाच्या आड मी येणार.

भोपाळनंतर 1989 साली घातक रसायनांचे नियम झाले. मोठा अपघात झाला तर काय होईल, भोंगा कसा वाजेल, लोकांनी काय करावं, काय करू नये, हे आसपासच्या माणसांना आधी कळवण्याचं बंधन त्यात आहे. कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना तयार ठेवण्याची जबाबदारीही ठरवलेली आहे. एमआयडीसीच्या भिंतीला लागून राहणारं कोणी इथं असेल तर ऐका. तुमच्या घरी असा कागद कधी आला का? भोंगा वाजला तर वाऱ्याच्या दिशेला आडवं पळायचं, हे तुमच्या पोरांना कोणी शिकवलं का? असेल तर हात वर करा. बघा, एकही हात वर झाला नाही.

धर्मा पाटलांचं नाव घेतल्याशिवाय मी बसणार नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे, चौऱ्यांशी वर्षांचे. औष्णिक प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर गेली, मोबदला चार लाखांच्या आसपास. शेजाऱ्यांना कितीतरी जास्त. त्यांचं गाऱ्हाणं काय होतं? शेतातल्या आंब्याच्या झाडांची पंचनाम्यात नीट नोंद झाली नाही. कागद! पुन्हा कागदच. वर्षानुवर्षं उंबरठे झिजवले, 22 जानेवारी 2018 ला मंत्रालयात विष घेतलं, 28 तारखेला ते गेले. शोककविता नंतर पुष्कळ झाल्या. पंचनामा झाला त्या दिवशी त्या बांधावर झाडं मोजून लिहिणारा एक शिकलेला माणूस शेजारी उभा असता, तर?

आणि होतं हो, लोकांच्या मनात आलं तर होतं. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरीला थापर-ड्युपॉन्टचा नायलॉनचा कारखाना येणार होता. गावानं वाट अडवली. 1995 च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीनं निलेश नाईक हा पंचवीस वर्षांचा तरुण गेला. गाव हटलं नाही. कारखाना गोवा सोडून गेला. केरीकरांनी नुसत्या घोषणा दिल्या नव्हत्या. जमिनीचा व्यवहार, पाण्याची मागणी, मंजुऱ्या, सगळं त्यांनी कागदोपत्री सोलून काढलं होतं.

म्हणून या संमेलनाचे ठराव वाचले जाण्याआधी माझं मागणं ऐका. 'शासनाने लक्ष द्यावे' असला ठराव माझ्या अध्यक्षतेखाली होणार नाही. त्याऐवजी प्रत्येक वाचनालयात एक कपाट रिकामं करा. त्यात आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या उद्योगांचे पर्यावरण अहवाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, सुनावण्यांची इतिवृत्तं ठेवा, आणि त्या कपाटाला कुलूप लावू नका. मराठीच्या प्राध्यापकांनी पोरांना निबंध लिहायला लावण्याआधी हरकत कशी लिहायची ते शिकवावं. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, बाटलीवर तारीख, वेळ, जागा कशी घालायची, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी दाखवावं. आपल्या नदीकाठी एवढ्या शाळा आहेत. दर महिन्याला प्रत्येकीनं गिरणेच्या पाण्याची नोंद ठेवली, तर वर्षभरात असा दस्तऐवज उभा राहील की कोणत्याही साहेबाला "लेखी द्या" म्हणण्याची सोय उरणार नाही.

आणि हे उद्यावर नको. स्वागतकक्षाच्या टेबलावर मी एक वही ठेवायला सांगितली आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी आपलं नाव, गाव आणि आठवड्यातला कोणता वार देऊ शकता ते तिथं लिहावं. ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी दुसऱ्या पानावर. येत्या ग्रामसभेच्या आधी दोन्ही पानांची गाठ घालून देण्याचं काम मी स्वतः करणार आहे. कविसंमेलन सातला आहे. अजून वेळ आहे, उठा.