हुतात्म्यांचे स्मरण : रीती अनेक, ऋण एकच



उमरोळीच्या एका बाजूस पालघर आणि दुसऱ्या बाजूस बोईसर. या परिसरात स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी शोक पाळला जातो. दि. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा घोष करीत पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण धारातीर्थी पडले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे आणि रामप्रसाद तिवारी ही त्यांची नावे. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर ही त्यांची गावे. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, हाती शस्त्र नव्हते. तरीही ते रणातच पडले.

त्या दिवशी पालघरची बाजारपेठ बंद ठेवून हुतात्मास्तंभाला अभिवादन करण्याची प्रथा आहे. दुसऱ्याच दिवशी ध्वजारोहण होते आणि मुलांना खाऊ वाटला जातो. काल शोक आणि आज उत्सव, यांतील खरे स्मरण कोणते, असे कोणी विचारील. कोणी असेही म्हणेल की, दुकान बंद ठेवण्यापेक्षा त्या दिवसाची कमाई सत्कार्यास द्यावी.

जगातही अशी भिन्नता आढळते. ब्रिटनमध्ये १९१९ पासून ११ नोव्हेंबरला दोन मिनिटे मौन पाळले जाते. छातीवर खसखशीचे लाल फूल लावले जाते. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला पहाटेच्या अंधारात लोक स्मारकाजवळ उभे राहतात आणि दिवस उजाडल्यावर माजी सैनिकांचे संचलन निघते. म्हणजे तेथेही शोक आणि गौरव एकाच दिवशी नांदतात.

आपल्याकडे तर ही परंपरा फार जुनी आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. खाली झुंज आणि वर वीराला लाभलेली दिव्यगती, असा त्यांचा क्रम आहे. मरणाचे दुःख आणि पराक्रमाचा अभिमान एकाच शिळेवर आहेत! पितृपक्षातील चतुर्दशी शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धासाठी राखलेली आहे. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांना तर्पण करतात. भीष्म निपुत्रिक होते. ज्याला वारस नाही त्याचा वारस समाजाने व्हावे, हा त्यामागील अर्थ आहे.

हा अर्थ ध्यानी घेतला की, मौन श्रेष्ठ की मिरवणूक, हा वाद उरत नाही. बंद दारामागे हुतात्म्याचे नाव घेतले जात नसेल, तर तो बंद म्हणजे केवळ सुट्टी. आणि ध्वजाखाली ते नाव उच्चारले जात नसेल, तर तो सोहळा अपुरा. जे सैनिक परतले नाहीत त्यांच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत, शिकणारी मुले आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या निधीतून सैनिकांच्या कुटुंबांना साहाय्य मिळते. पुण्याच्या घोरपडी येथील युद्धस्मारकही नागरिकांच्या वर्गणीतूनच उभे राहिले आहे.

म्हणून प्रत्येकाने आपल्या रीतीने स्मरण करावे. दुसऱ्याच्या रीतीला उणे लेखू नये. मात्र १५ ऑगस्टच्या सकाळी खाऊ वाटण्यापूर्वी शाळेतील एखाद्या मुलाने ती पाच नावे गावांसह मोठ्याने वाचावीत. उमरोळीच्या मुलांना ती पाठ असली, तर हुतात्म्यांचा वारसा निपुत्रिक राहणार नाही.