उभे राहिले की दुखणारे डोके

(खारदांडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलावे, अशी संस्थेची आज्ञा झाली. डोकेदुखी घरोघरी आहे, म्हणून तोच विषय मी घेतला. परंतु सर्वच प्रकारच्या डोकेदुखीवर बोलू लागलो तर रात्र पुरणार नाही. तेव्हा आज मी एकाच प्रकाराविषयी सांगणार आहे.

‘डोक्यात पाणी झाले’ हे शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. आजचा विकार नेमका त्याच्या उलट आहे. यात डोक्यातील पाणी कमी पडते. रोगी आडवा पडला की त्याला बरे वाटते आणि उठून उभा राहिला की तो डोके धरून खाली बसतो. घरातील माणसे हे पाहतात आणि म्हणतात, “पडून राहिली की ठणठणीत, काम सांगितले की डोके दुखते!” हा टोमणा बहुतेक वेळा बाळंतिणीला किंवा घरच्या सुनेला ऐकावा लागतो. तो किती अन्यायाचा आहे आणि प्रसंगी किती धोक्याचा ठरू शकतो, एवढेच आज मला आपणांस पटवून द्यावयाचे आहे.

प्रथम हे पाणी म्हणजे काय ते पाहू. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव असतो. शास्त्रात त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. या द्रवाभोवती एक मजबूत पडदा असतो आणि तो डोक्यापासून कण्याच्या खालच्या टोकापर्यंत पिशवीसारखा पसरलेला असतो.

मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम असते. द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच जाणवतो. आपण दांड्याचे लोक, आपल्याला हे समजावयास कठीण नाही. भरती असते तेव्हा होडी एका बोटाने ढकलली तरी हलते. ओहोटी लागली की तीच होडी चिखलात बसते आणि चार माणसांना हलत नाही. कण्याच्या पडद्याला छिद्र पडून द्रव गळू लागला की डोक्यात अशीच ओहोटी लागते. माणूस उभा राहिला म्हणजे मेंदू आपल्याच भाराने खाली सरकतो, भोवतालच्या पडद्यांवर व शिरांवर ताण पडतो आणि डोके दुखू लागते. आडवे झाले की ताण सुटतो आणि दुखणे थांबते. यात सोंग कुठे आले?

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १८९८ साली जर्मनीतील कील या शहरी ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने कण्यात औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर करण्याची पद्धत सुरू केली. तिची परीक्षा घेण्यासाठी त्याने आपल्या साहाय्यकाकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना, आणि त्या खटाटोपात बराच द्रव वाहून गेला. पुढे बिअर उभा राहिला की त्याचे डोके जड होई व चक्कर येई, आणि आडवा पडला की सर्व थांबे. अखेर त्याला नऊ दिवस अंथरुणात काढावे लागले. एवढा मोठा प्राध्यापक, त्याला कोणी कामचुकार म्हटले नाही. मग आपल्या लेकीसुनांनी काय गुन्हा केला आहे?

हा विकार होतो कसा? आपल्याकडे नेहमी आढळणारे कारण म्हणजे कण्यात टोचलेली सुई. सिझेरियनच्या वेळी पाठीतून भूल देतात. मेंदूज्वराची शंका आली तर पाठीतील पाणी तपासतात. सुईचे छिद्र बहुधा आपोआप बुजते, पण काहींच्या बाबतीत तेथून द्रव झिरपत राहतो. असे दुखणे बहुधा पाच दिवसांच्या आत सुरू होते व एक-दोन आठवड्यांत थांबते. हल्ली पेन्सिलीच्या टोकासारख्या आकाराच्या बारीक सुया निघाल्यामुळे त्याचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. म्हणून या भीतीने कोणीही पाठीच्या भुलीला किंवा तपासणीला नकार देऊ नये. मेंदूचा क्षय झालेल्या मुलाची तपासणी लांबणीवर टाकणे हे सुईच्या डोकेदुखीपेक्षा शतपटीने घातक आहे. त्या सुईमुळे जन्मभर कंबर दुखते, हा समजही चाचण्यांत खरा ठरलेला नाही.

दुसरा प्रकार आपोआप होणारा. १९३८ साली शाल्टेनब्रांड या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन केले. यात सुई वगैरे काही नसते. कण्यातील हाडाचा टोकदार कंगोरा पडद्यात घुसतो, किंवा पडदा मुळातच कोठे तरी नाजूक असतो आणि फाटतो. कधी द्रव थेट शिरेत वाहून जातो, हे तर २०१४ साली उजेडात आले. हा प्रकार स्त्रियांत अधिक व बहुधा चाळिशीच्या आसपास आढळतो. जड वजन उचलणे, जोराचा खोकला, किरकोळ आपटणे एवढेही निमित्त पुरते.

डोकेदुखीबरोबर मान आखडते, मळमळते, कानात आवाज येतात, ऐकू कमी येते, क्वचित एका वस्तूच्या दोन दिसतात. मग कोणी त्याला अर्धशिशी म्हणतो, कोणी सायनस, कोणी मानेचा स्पाँडिलायटिस, तर कोणी नजर लागली म्हणून सांगतो. यात महिने निघून जातात. मेंदूचा एमआरआय पुष्कळदा निदान पक्के करतो. पण काही रोग्यांत तो निर्दोष येतो, आणि पाठीतील पाण्याचा दाब मोजला तर तोही बऱ्याच जणांत नेहमीइतकाच निघतो. म्हणून रोग्याची हकिगत हाच मोठा पुरावा होय. डॉक्टरांना नुसते “डोके दुखते” असे सांगू नका. “उठल्यावर किती वेळात दुखते, आडवे झाल्यावर किती वेळात थांबते” हे सांगा.

आता गुंतागुंतीविषयी. मेंदू खाली ओढला गेला की त्याला पडद्याशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यांपैकी एखादी तुटली तर पडद्याखाली रक्त साचते. क्वचित मेंदूतील मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होते. फार थोड्या रोग्यांत मेंदू इतका खाली बसतो की वागणूक बदलते, झापड येते, शुद्ध हरपते. येथे एक खूण लक्षात ठेवा : जे दुखणे आडवे पडल्यावर थांबत होते ते आता थांबेनासे झाले, तर तो आराम नव्हे, तो इशारा समजावा. झापड, उलट्या, झटका, बोलण्यात अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. प्रत्येक डोकेदुखी सुईचीच असते असे नाही. रक्तदाब वाढल्यानेही डोके दुखते आणि झटके येतात. शिरेतील गुठळीही बाळंतपणानंतर होऊ शकते. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत आहे. ती सोडून द्यावी. शरीरातील पाणी आटले की रक्त गुठळण्याचा धोका वाढतो.

उपचार सोपे आहेत. प्रथम विश्रांती, पुरेसे पाणी, वेदनाशामक गोळ्या, आणि चहा-कॉफी, कारण त्यांतील कॅफिनने काहींना तात्पुरता उतार पडतो. एवढ्याने भागले नाही तर रोग्याच्याच दंडातील सुमारे २० मिलिलिटर रक्त काढून ते पाठीत पडद्याच्या बाहेर सोडतात. तेथे ते गोठून छिद्रावर ठिगळ बसते. गॉर्मली या अमेरिकन शल्यविशारदाने १९६० साली ही युक्ती प्रथम प्रसिद्ध केली. रक्त दुसऱ्या कोणाचे नसते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. कित्येकांना तासाभरात उभे राहता येते. काहींना ते पुन्हा करावे लागते आणि थोड्यांवर शस्त्रक्रिया करावी लागते. ठिगळ बसल्यावर काही दिवस वाकणे व वजन उचलणे वर्ज्य. पाण्याची कळशी दुसऱ्याने भरावी. नमाज बसून, तेही न झेपल्यास पडून अदा करण्याची मुभा आजाऱ्याला आहेच. रोजे बरे झाल्यावर पुरे करता येतात.

आपल्या वस्तीला वांद्र्याचे भाभा आणि जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये जवळ आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांची गरज लागली तर के.ई.एम., नायर, शीव आणि जे.जे. ही मोठी रुग्णालये आहेत. बाळंतपण जेथे झाले तेथील भूलतज्ज्ञाला मात्र सर्वप्रथम कळवावे.

पालकहो, या विकाराला सूज नाही, जखम नाही, ताप नाही. दाखवण्यासारखे रोग्याजवळ काहीच नसते, असतो तो फक्त त्याचा शब्द. त्या शब्दावर घरच्यांनी विश्वास ठेवला तर डॉक्टरांचे निम्मे काम झाले. विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी गेल्यावर आईला, मोठ्या बहिणीला एवढे एकच विचारा : “डोके दुखते ते उठल्यावर, की झोपल्यावरही?” हा एक प्रश्न एखाद्या घरी जीव वाचवील.