पायी चालताना काय दिसते



पायी निघालेला माणूस दिसला की आपल्याकडे लोक विचारतात, "काऊन जी, गाडी चुकली काय?" पायी चालणे म्हणजे गरिबी, असे आपण धरूनच चाललो आहोत. ज्याच्यापाशी तिकिटाला पैसे नाहीत त्याने चालावे. मग चार दिवसांची सुट्टी काढून, खिशात पैसे असताना, मुद्दाम पायी हिंडायचे म्हटले तर लोक हसणारच. आम्हालाही हसले.

आम्ही नऊ जण होतो. पाच पुरुष, चार बाया. सगळे आपल्या कारंज्याच्या आसपासचे. तिघे-चौघे रात्रीच्या वर्गात नुकतेच अक्षर शिकलेले. कार्तिक त्रयोदशीला पहाटे कारंजा (घाडगे) सोडायचे, पहिला मुक्काम तळेगावला, दुसरा आर्वीला आणि पौर्णिमेला कौंडण्यपूरची यात्रा गाठायची, असा बेत केला. रुक्मिणीमातेचे ते माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी दर आषाढीला पंढरपूरला पायी जाते. ही चाल १५९४ सालापासूनची सांगतात. पालखी महिन्याहून जास्त दिवस वाटेवर असते. आम्हाला तर तीनच दिवस चालायचे होते.

बायांना घरून निघणे सोपे गेले नाही. एकीची सासू म्हणाली, "देवाले जायचं तं एस.टी. आहे. तीन दिवस घरचं काम कोण करील?" शेवटी मुलाने आणि नवऱ्याने भाकरी थापायचे कबूल केले, तेव्हा त्या माउलीचा पाय उंबऱ्याबाहेर पडला. पहिल्याच दिवशी वाटेत ती आम्हाला म्हणाली, "गुरुजी, आजवर लई चालली मी. पण डोक्यावर गवताचा भारा, नाही तं पाण्याचा गुंड. रिकाम्या डोक्यानं चालून राहिली ते आज पहिल्यांदा." बाकीच्या तिघी काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या माना हलल्या, ते आम्ही पाहिले.

महामार्गाने चालताना एक नियम पाळला. समोरून येणारी गाडी आपल्याला दिसली पाहिजे. म्हणून उजव्या कडेने, एकामागे एक. पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा भरवसा नाही. जिथे पांदण मिळाली तिथे आम्ही पांदणच धरली. रानाच्या भागात मात्र उजाडल्याशिवाय निघालो नाही. आपल्याकडे जनावर आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

तळेगाव जवळ आले तसा घाट लागला. तिथे रात्रीच्या वर्गातले एक भाऊ थबकले. पाटीपाशी उभे राहिले. एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचले, "स-त्या-ग्र-ही घाट." मग म्हणाले, "या घाटातनं बसनं शंभर डाव गेलो असन. याले नाव आहे हे मालूमच नव्हतं." नाव कशावरून पडले असेल, यावर बोलणे निघाले. आमच्यात एक वडीलधारे होते. ते म्हणाले, "नावातच स्वराज्याची लढाई आहे. इथून आष्टी कितीशी दूर?" मग त्यांनी आष्टीची हकीकत सांगितली. १९४२ साली, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी आष्टीच्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला. गावची माणसे हुतात्मा झाली. म्हणून त्या गावाला आष्टी (शहीद) म्हणतात. ज्या भावांनी पाटी वाचली ते पुढे अर्धा कोस गप्पच होते.

त्यांना मग वाचायचा नादच लागला. रस्त्यावरचे दगडसुद्धा सोडले नाहीत. तुम्हीही पाहा. किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवे असेल तर राज्याचा मार्ग. नारिंगी असेल तर खेड्यात जाणारा रस्ता. हे बसच्या खिडकीतून समजत नाही. दगड दिसतो तोवर गाडी पुढे गेलेली असते.

आता पाण्याची गोष्ट. पायी चालणाऱ्याला मागावे लागते. वाट विचारावी लागते, पाणी मागावे लागते, निजायला ओसरी मागावी लागते. गाडीवाल्याला कोणाची गरज नसते. म्हणून त्याची कोणाशी ओळखही होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बाटल्या संपल्या. ऊन कार्तिकातलेच, पण चालणाऱ्याला ते चैत्राचे वाटते. एका वावराच्या धुऱ्याशी मजुराची झोपडी होती. बाईने पाणी आणले. आमच्यातल्या त्या वडीलधाऱ्यांनी लोटा हाती घेण्याआधी तिचे आडनाव विचारले. माणूस भला, स्वराज्याची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारा. पण सवय जात नाही. बाईने त्यांच्याकडे पाहिले. लोटा मागे घेतला नाही. म्हणाली, "बाबाजी, पानी विहिरीचं आहे. माह्या आडनावाचं नाही." ते क्षणभर उभे राहिले. मग बसले आणि दोन लोटे प्याले. त्यापुढे कौंडण्यपूरपर्यंत त्यांनी कोणाला आडनाव विचारले नाही. शाळेच्या पुस्तकात हा धडा वर्षानुवर्षे होता. पण तिच्यासारखा कोणी शिकवला नसेल.

इथे विनोबांची आठवण होते. ते आपल्याच वर्धा जिल्ह्यातले, पवनारच्या आश्रमातले. १९५१ च्या एप्रिल महिन्यात हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयाचे संमेलन होते. विनोबा तिकडे पायी निघाले. वय ५५. संमेलन झाल्यावर ते तेलंगणात हिंडले. तिथे त्या वेळी जमिनीवरून मोठी मारामारी चालली होती. १८ एप्रिल १९५१ ला ते पोचमपल्ली गावात पोचले. दलित वस्तीतली माणसे म्हणाली, "आम्हाला कसायला ८० एकर जमीन मिळवून द्या." विनोबांनी गावालाच विचारले, तुमच्यापैकी कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि म्हणाले, मी १०० एकर देतो. भूदान तिथे सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा पवनारहून पुन्हा निघाले, ते गावोगाव चालत १९६४ च्या एप्रिलमध्ये परत आले. लाखो एकर जमीन दानात मिळाली. तिच्यातली पुष्कळशी नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही खरे आहे. ते झाकून ठेवू नये. पण आम्ही विचार करतो तो दुसऱ्या गोष्टीचा. विनोबा मोटारीतून पोचमपल्लीला गेले असते, दहा मिनिटे बोलून निघाले असते, तर त्या वस्तीतल्या माणसांनी आपले मागणे त्यांच्यापुढे ठेवले असते काय? पायी आलेला माणूस मुक्काम करतो. त्याचे पाय आपल्यासारखेच धुळीने भरलेले असतात. त्याला लोक खरे सांगतात.

आमच्यासारख्या लहान माणसांनाही लोकांनी खरे सांगितले. संत्र्याच्या बगीच्यात एका शेतकऱ्याने वाळलेली झाडे दाखवली. बोअर आटल्याचे आणि कर्जाचे सांगितले. भावाला सांगितले नाही ते आम्हाला सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी रानडुकरे आणि रोही यांच्यापायी रातभर जागली करणारा म्हातारा भेटला. त्याच्या मचाणाखाली आम्ही चांदण्यात बसलो. त्याने तुरीच्या शेंगा भाजून दिल्या.

पण एक प्रसंग जरा थांबून सांगायचा आहे. आर्वीच्या वाटेवर एक जवान पोरगा पऱ्हाटीत फवारणी करत होता. पाठीवर पंप. पाय उघडे, तोंड उघडे, अंगात साधी बनियन. वारा त्याच्याच तोंडावर येत होता. औषधाचा डबा धुऱ्यावर पडला होता. आमच्यातल्या एका ताईने, जी पोळ्याच्या वेळेस बाराखडी गिरवत होती, डबा न उचलता खाली वाकून पाहिले. त्यावर लाल त्रिकोण होता. कागद मराठीतही होता. तिने वाचले, "वि-ष." मग त्या पोराला हाक मारली. "दादा, इकडे ये. याच्यावर काय लिहिलं ते आयक."

पोरगा म्हणाला, "दोन सालापासून मारून राहिलो. मालकानं डबा देला. वाचून कोणी नाही दाखवलं."

मंडळी, हे नीट ध्यानात ठेवा. डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नका. वाऱ्याच्या उलट फवारू नये. तोंडानाकावर आच्छादन, हातमोजे, पुऱ्या बाह्यांचा सदरा, पायांत बूट घालावे. फवारताना खाऊ नये, तंबाखू चोळू नये. काम झाल्यावर साबणाने अंग धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. गरगरले, उलटी झाली, डोळ्यांपुढे धुरकट झाले तर घरी निजू नये, लगेच दवाखान्यात जावे. जाताना डबा किंवा त्याचा कागद सोबत न्यावा. त्यावर उपचार छापलेला असतो, डॉक्टरला तो लागतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पडले. त्यांतल्या किती जणांना डबा कोणी वाचून दाखवला होता?

त्या पोराने पंप उतरवला. विहिरीवर अंग धुतले. उरलेले काम त्याने त्या दिवशी केले नाही. मालक काय म्हणाला ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही पुढे निघालो होतो. ताई मात्र वाटेत दोनदा मागे वळून पाहत होती.

पौर्णिमेला आर्वीहून देऊरवाड्याच्या वाटेने वर्धा नदीवर पोचलो. अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे अमरावती. पूल ओलांडला की कौंडण्यपूर. यात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शन झाले. बायांनी नदीत पाय सोडले आणि बराच वेळ कोणी उठेना. परत येताना मात्र एस.टी.ने आलो. तीन दिवसांची वाट गाडीने हां हां म्हणता संपली. सत्याग्रही घाट आला तेव्हा आमचे भाऊ खिडकीतून पाटी शोधत होते. ती दिसण्याआधीच गाडी वळली.

येत्या कार्तिकात पुन्हा निघायचे आहे. या वेळी आष्टीवरून जावे असे काही जण म्हणतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी वर्गातल्या वहीत आपले नाव आपल्या हाताने लिहावे. नवी चप्पल घेऊ नये. जुनी, पायाला बसलेली घालावी. फोड आले तर फोडू नयेत. रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकावे. दोन वेळची भाकर, ठेचा, पाण्याची बाटली आणि एक चादर पुरे. आणि ज्या घरची बाई येणार असेल, त्या घरच्या पुरुषांनी भाकरी थापायला आतापासून शिकावे. कार्तिकाला अजून वेळ आहे.