चेहऱ्यातली अक्षरं

(दिघोरी, जि. भंडारा येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईची जत्रा भरते आणि रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांची पोस्टरं चौकाचौकात लागतात. त्यांवर कलावंतांचे चेहरे असतात आणि चेहऱ्यांलगत ठळक नावं. तिथे चेहरा वेगळा, अक्षर वेगळं. आज मला बोलायचं आहे ते ज्यात अक्षरांचाच चेहरा होतो, त्या चित्राबद्दल. लांबून माणूस दिसतो, जवळ गेलं की मजकूर वाचता येतो. हे चित्र कसं घडतं ते मी सांगणार आहेच, पण माझं मुख्य म्हणणं आधीच मांडतो. चेहऱ्यात घातलेला मजकूर त्या माणसाचा स्वतःचा असावा आणि तो वाचता यावा. एरवी ती नुसती नक्षी होते.

ही कला संगणकाने जन्माला घातलेली नाही. फोटोशॉप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर 1990 मध्ये बाजारात आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईचे चंद्रकांत भिडे टाइपरायटरवर व्यक्तिचित्रं काढत होते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण घरच्या परिस्थितीमुळे बँकेत टंकलेखकाची नोकरी धरावी लागली. एकदा कार्यालयातल्या फोन क्रमांकांची यादी टाइप करायला मिळाली, तर त्यांनी ती टेलिफोनच्याच आकारात टाइप केली. पुढे त्याच यंत्रावर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’पर्यंत अनेक चित्रं काढली. टाइपरायटरजवळ ब्रश नाही, रंगांच्या छटा नाहीत. गडद हवं तिथे ठोके दाट द्यायचे, उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. अक्षरातून छाया-प्रकाश काढायचा, हा या कलेचा पाया तिथेच दिसतो.

संगणकावर हेच काम उलट्या बाजूने होतं. अक्षरांचा रंग सगळीकडे सारखाच असतो, छाया-प्रकाश फोटोतून येतो. त्यासाठी फोटो एका बाजूने उजेड पडलेला हवा. समोरून फ्लॅश मारलेला सपाट फोटो इथे उपयोगी पडत नाही. फोटो कृष्णधवल करा, काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करा. त्याच्यावर दुसरा लेअर, म्हणजे थर, घ्या, तो पूर्ण काळा करा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर भरा. अक्षरं धानाच्या आवत्यासारखी फेकायची नाहीत, रोवणीसारखी ओळीत लावायची. मग या लेअरचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘मल्टिप्लाय’ करा.

आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पाठांतर लागणार नाही. संगणकाच्या लेखी काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या थराची मूल्यं गुणून 255 ने भागतात. गालावरचा उजेड 200 असेल, तर पांढऱ्या अक्षराखाली तो 200 च राहतो आणि काळ्या जागेत 0 होतो. म्हणजे चेहरा फक्त अक्षरांच्या आतून दिसतो. कपाळावरचे शब्द उजळतात, हनुवटीखालचे अंधारात विरतात. फोटोशॉपसाठी पैसे नसतील तर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. हाच हिशेब तिथेही चालतो.

एवढ्यावर थांबलं तर ओळी चेहऱ्यावर सरळ रेषेत, जाळीसारख्या दिसतात. त्या नाकावरून वळाव्यात, गालावर वाकाव्यात म्हणून ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ वापरतात. फोटोचीच एक कृष्णधवल प्रत थोडी धूसर करून वेगळी साठवायची आणि अक्षरं सरकवणारा नकाशा म्हणून मजकुराच्या लेअरला द्यायची. तिच्यातला मधला करडा रंग, म्हणजे 128, अक्षराला जागेवर ठेवतो. त्याहून उजळ भाग एका बाजूला सरकवतो, गडद भाग दुसऱ्या. प्रत धूसर केली नाही तर त्वचेच्या बारीक खुणांनी अक्षरं फाटतात. सरकवण्याचं प्रमाण कमी ठेवा आणि मूळ मजकुराचा लेअर आधी जपून ठेवा. डोळ्यांवर अक्षरं आणखी बारीक घ्या, कारण माणसाची ओळख तिथेच पटते.

आता आपल्या लिपीचं. प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल, तर ‘दिघोरी’तली पहिली वेलांटी ‘द’च्या उजवीकडे पडते आणि गावाचं नाव मोडतं. फोनवरचा युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी फाँटमध्ये चिकटवला तर भलतीच चिन्हं येतात. आणखी एक गोष्ट ओळींमधल्या अंतराची. आपले मात्रा-रफार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजीइतक्या दाट ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. 12 बाय 18 इंचांची फ्रेम 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, करायची तर फोटो 3600 बाय 5400 पिक्सेलचा लागतो. त्यात 6 पॉइंटच्या अक्षराला जेमतेम 25 पिक्सेल मिळतात. त्याहून लहान गेलात तर मराठी जोडाक्षरांचा गोळा होतो. हे आकडे छपाईला देण्याआधी तपासा.

पण सगळ्यात मोठी तपासणी मजकुराची. संविधानाच्या उद्देशिकेतून घडवलेला बाबासाहेबांचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे होते आणि पराभूत झाले. त्यामुळे त्यांचं चित्र इथे घडवताना आपली जबाबदारी जास्त आहे. आज छापली जाणारी उद्देशिका 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारलेली जशीच्या तशी नाही. समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता हे शब्द 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 1956 चं, म्हणजे त्यांच्या हयातीत हे शब्द उद्देशिकेत नव्हते. आजची उद्देशिका घ्यायला काहीच हरकत नाही, ती आपलीच आहे. पण चित्राखाली ‘1949 चा मूळ मजकूर’ असं लिहायचं असेल तर 1949 चाच मजकूर घ्या. कुठून तरी फिरत आलेलं, त्यांनी कधीही न म्हटलेलं वाक्य त्यांच्या कपाळावर छापू नका. फोटोशेजारचं वाक्य पुसता येतं. चेहऱ्यात मिसळलेलं वाक्य पाहणारा त्या माणसाचंच मानतो.

हाच नियम घरच्या माणसांनाही लागू आहे. आजीचा फोटो घ्याल, तर तिच्या चेहऱ्यात सुविचार भरू नका. तिच्याजवळ बसा, रोवणीच्या आठवणी विचारा, ती बोलेल तसं लिहा. ती ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणत असेल तर ‘डोरा’च छापा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ती बोली आपण चित्रात शुद्ध करायला बसलो, तर आजीचं बोलणं आपणच खोडलं असं होईल. आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा. एखादी गोष्ट चारचौघांत नको असं ती म्हणाली, तर तेवढी ओळ काढून टाका. चेहरा तिचा आहे, शब्दही तिचे आहेत, तेव्हा शेवटचा निर्णयही तिचाच.

इथल्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. मोबाइल तुमच्या हातात आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि बोलणारी जुनी माणसं अजून गावात आहेत. पुढच्या मंडईत नाटकाच्या पोस्टरांशेजारी गावातल्या वडीलधाऱ्यांची अशी चित्रं लावा. पण लावण्याआधी प्रत्येक चित्र एकदा हातभर अंतरावरून वाचून काढा. वाचता आलं नाही तर ते परत दुरुस्तीला घ्या.