शब्द तिचे असू द्या
(वर्धा जिल्ह्यातील एका विहारात उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



१४ एप्रिलच्या रात्री आपल्या जिल्ह्यात गावोगाव मंडप उभे राहतात, कव्वालीचे सामने रंगतात. परंतु नवदीक्षित कुटुंबांतून एक कुजबुज कानी येते : मुलगी माईकपुढे उभी राहिली तर लोक काय म्हणतील? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपणांस थोडे दूर, अमेरिकेत, नेतो.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी नाचगाण्याचा एक कार्यक्रम झाला. हिपहॉपचा, म्हणजे तालावर झपाझप पद्य बोलणारी रॅप ज्यातून निघाली त्या कलेचा, उगम तेथे मानतात. कीर्ती मिळाली तबकड्या वाजविणाऱ्या कूल हर्क या तरुणाला. पण तो कार्यक्रम योजिला होता त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने, शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून! कष्ट बहिणीचे, नाव भावाचे. हा हिशेब आपल्या घरांनाही अपरिचित नाही.

१९७९ साली 'द सीक्वेन्स' या तीन मुलींच्या संघाची तबकडी निघाली. १९८४ साली रोक्सॅन शांते या चौदा वर्षांच्या मुलीने, मुलीची टवाळी करणाऱ्या पुरुषांच्या गाण्याला सडेतोड उत्तर दिले. आपल्या सामन्यातील जबाबच म्हणा ना! 'सॉल्ट-एन-पेपा' या संघाची कथा अधिक बोधक आहे. आरंभी त्यांची गाणी बहुतांशी हर्बी एझर हा पुरुष रची. १९९० च्या सुमारास 'एक्स्प्रेशन' हे गीत सॉल्टने स्वतः रचिले, आणि ते गाजले. माईक मिळणे आणि शब्द आपले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्याकडे पाहा. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे गाजविले. ती मंडळे प्रामुख्याने पुरुषांचीच. त्यालाही कारण होते. तमाशाच्या फडात आपल्या स्त्रियांची जी विटंबना झाली, तिची धास्ती मोठी होती. पण बाबासाहेबांना तिटकारा होता तो त्या विटंबनेचा. स्त्रीच्या आवाजाचा नव्हे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, स्त्रियांनी व्यासपीठावरून ठराव मांडले, आणि बाबासाहेबांनी त्यांना शाबासकी दिली. लोक काय म्हणतील, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

शिवाय आपल्या आज्या मुक्या कधी होत्या? जात्यावर त्यांनी भीमाच्या आणि रमाईच्या ओव्या रचिल्या. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत. त्याहून मागे गेलात तर पाली थेरीगाथेत भिक्खुणींचे उद्गार आहेतच. आज माही जी ही आदिवासी तरुणी रॅप गाते, तीही याच वाटेवरची.

म्हणून देवळीच्या असोत की हिंगणघाटच्या, विहार समित्यांना विनंती आहे : जयंतीच्या कार्यक्रमात अर्धा तास मुलींसाठी राखून ठेवा. वाद्य नसेल तर टाळी पुरे. यमक चुकले तर चुकू द्या. आजोबांनी तिच्या वहीवर लाल शाई चालवू नये. विषय अडलेल्या शिष्यवृत्तीचा, कापूसवेचणीच्या मजुरीचा, की घरातली भांडी कोणी घासावीत याचा, ते तिचे ती ठरवील. पहिल्या रांगेत मात्र तिच्या बापाने येऊन बसावे.